बेबाकी म्हणजे नक्की काय? हप्ते संपले म्हणून कर्जातून सुटलात असं धरून चालू नका

शेवटचा हप्ता गेला, मोबाईलवर मेसेज आला, घरात पेढे वाटले आणि विषय संपला असं आपल्याकडे बहुतेकांना वाटतं. पैशाच्या बाजूने तो संपलेला असतोही, पण कायद्याच्या बाजूने एक वेगळी गोष्ट अजून व्हायची असते आणि ती म्हणजे ज्याचं देणं होतं त्याने "आता तुझ्याकडे माझं काही येणं राहिलं नाही" असं लिहून देणं आणि तुमच्या नावावर, जमिनीवर, गाडीवर त्याने जो हक्क ठेवला होता तो काढून घेणं. इंग्रजी कायद्यात याला डिस्चार्ज म्हणतात, आपल्या विकास सोसायट्या आणि जिल्हा बँकांच्या भाषेत बेबाकी. बेबाकी दाखला मागा म्हटलं की गावाकडच्या कुठल्याही सचिवाला बरोबर कळतं काय हवंय ते. शहरात त्यालाच नो ड्यूज म्हणतात. जुन्या दस्तांमध्ये याच कामाचा कागद फारखत किंवा फारकत या नावाने सापडतो, हल्ली तो शब्द काडीमोडाच्याच अर्थाने ऐकू येतो पण अर्थ तोच, लेखी मोकळीक.

हा कागद एवढा महत्त्वाचा का हे समजायला आपल्याच इतिहासात थोडं मागे जावं लागतं. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले आणि तिथून तो उठाव पुणे आणि नगर जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांत पसरला, इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. त्यात लोकांनी मुख्यतः काय जाळलं तर कर्जरोखे आणि दस्तऐवज. कारण पैसे फेडले तरी पावती मिळायची नाही, रोखा सावकाराच्याच पेटीत राहायचा आणि तोच रोखा घेऊन तो कोर्टात गेला की अक्षरओळख नसलेल्या कुणब्याकडे फेडल्याचा पुरावाच नसायचा. नंतर चौकशी आयोग बसला आणि १८७९ ला डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. त्या कायद्यात बाकीच्या तरतुदींबरोबर हेही होतं की शेतकऱ्याने पैसे दिले की त्याला लेखी पावती मिळाली पाहिजे, वर्षाचा हिशेब मागायचा हक्क त्याला असला पाहिजे आणि पासबुकात नोंद करून मिळाली पाहिजे. आज महाराष्ट्रात सावकारीसाठी २०१४ चा कायदा आहे, त्यातही पावती आणि हिशेबाची सक्ती आहेच आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही हा आपला जुना दामदुपटीचा नियमही आहे. म्हणजे दीडशे वर्षं झाली तरी भांडण त्याच कागदावरून चाललंय, म्हणून मला हा विषय कोरडा वाटत नाही.

आता मूळ कायदा. आपला करार कायदा १८७२ चा. त्याच्या हिशेबाने देणं संपायचे रस्ते थोडेच आहेत. सरळ रस्ता म्हणजे ठरलं तसं सगळं फेडणं. दुसरा म्हणजे जुना करार मोडून त्याच्या जागी नवा करणं, हे कलम ६२, जुनं कर्ज नव्यात वळवतात तेव्हा हे होतं, जुनं संपतं पण नवं अंगावर बसतं. आणि तिसरा, सगळ्यात रंजक, कलम ६३. हे कलम म्हणतं की ज्याचं येणं आहे तो ते पूर्ण सोडू शकतो, थोडं सोडू शकतो, मुदत वाढवून देऊ शकतो किंवा त्याऐवजी त्याला पटेल ती दुसरी कुठलीही गोष्ट घेऊन समाधान मानू शकतो. कायद्यातच उदाहरण दिलंय, अ ने ब ला ५००० रुपये द्यायचेत, अ ने २००० दिले आणि ब ने ते पूर्ण देण्यापोटी म्हणून स्वीकारले, तर सगळं देणं संपलं. उरलेल्या ३००० साठी ब पुन्हा दारात येऊ शकत नाही. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात असं नव्हतं, तिथे कमी रक्कम घेऊन "बाकी सोडली" म्हटलं तरी त्या सोडण्याच्या बदल्यात काही मोबदला मिळालेला नसला तर ते शब्द सावकारावर बंधनकारक धरत नसत. आपल्याकडे मोबदल्याची अट नाही, त्याने मनापासून सोडलं की सुटलं. कर्जदाराच्या बाजूने हे फार मोठं कलम आहे आणि ते फार कमी लोकांना माहीत असतं.

यावर सुप्रीम कोर्टाचा एक गाजलेला निकाल आहे, १९६३ च्या लॉ रिपोर्टात छापलेला, आणि त्याचा थोडा धागा आपल्या वऱ्हाडापर्यंत येतो कारण देणेकरी होते निजामाचे थोरले चिरंजीव आझम जाह, ज्यांना प्रिन्स ऑफ बेरार ही पदवी होती. त्यांनी एका जवाहिऱ्याकडून दागिने घेतले होते, पैसे थकले, व्याज धरून मागणी जवळपास २७ लाखांवर गेली. हैदराबाद भारतात आल्यावर राजपुत्रांच्या कर्जांसाठी समिती नेमली गेली आणि तिने या जवाहिऱ्याला २० लाख द्यायचे ठरवले. त्याने ते घेतले, पूर्ण फेड झाली असं लिहून दिलं आणि नंतर उरलेल्या रकमेसाठी दावा लावला. कोर्टाने सांगितलं की तू पूर्ण फेड म्हणून रक्कम स्वीकारलीस, कलम ६३ लागलं, आता मागता येणार नाही. इथे नीट बघा, देणेकऱ्याला वाचवलं ते दिलेल्या २० लाखांनी नाही, "पूर्ण फेड" या शब्दांनी. नुसते २० लाख दिले असते आणि पावतीवर नुसतं "मिळाले" असतं तर ते खात्यावर जमा झाले असते आणि बाकीचं येणं तसंच राहिलं असतं.

म्हणूनच वन टाइम सेटलमेंट, म्हणजे थकलेलं कर्ज कमी रकमेत मिटवण्याची तडजोड, करणाऱ्यांना माझं कळकळीने सांगणं आहे की फोनवरच्या शब्दावर एक रुपया भरू नका. वसुलीवाला म्हणतो साहेब आजच्या आज ४० हजार टाका, उद्या अकाउंट बंद करून देतो. टाकले ४० हजार. ते गेले थकीत व्याजात, अकाउंट तसंच. आधी बँकेच्या किंवा फायनान्स कंपनीच्या लेटरहेडवर पत्र घ्यायचं आणि ते ओळ न् ओळ वाचायचं. तुमचा लोन अकाउंट नंबर बरोबर आहे का, एकूण थकबाकी किती आणि किती रकमेत मिटवतायत हे दोन्ही आकडे आहेत का, ही रक्कम संपूर्ण आणि अंतिम तडजोड म्हणून स्वीकारतोय असं स्वच्छ लिहिलंय का, कुठल्या तारखेपर्यंत भरायचं आणि कुठल्या खात्यात. आणि मग खालची बारीक ओळ, ती जवळजवळ प्रत्येक पत्रात असते, की ठरलेल्या तारखेला हप्ता चुकला तर ही तडजोड रद्द समजली जाईल आणि पूर्ण रक्कम वसूल करायचा हक्क आम्हाला राहील. तीन हप्त्यांत मिटवायचं ठरलं आणि तिसरा चार दिवस उशिरा गेला तर सगळं मुसळ केरात जाऊ शकतं, त्यामुळे शेवटच्या हप्त्याचे पैसे हातात असल्याशिवाय पहिला हप्ता भरायची घाई करू नये असं मला वाटतं. चेक बाऊन्सची केस चालू असेल तर ती मागे घेण्याचंही त्याच पत्रात यायला हवं. पैसे कर्जखात्यातच भरायचे, एजंटच्या गुगल पे वर कधीच नाही.

आणि सेटलमेंटची दुसरी बाजूही सांगायला हवी. सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणारी कंपनी, तिच्या रिपोर्टमध्ये पूर्ण फेडलेलं कर्ज क्लोज्ड दिसतं, तडजोडीने मिटलेलं सेटल्ड दिसतं. कायद्याने दोन्हींमध्ये तुम्ही मोकळे, पण पुढची बँक सेटल्ड वाचते तेव्हा तिला दिसतं की आधीच्या बँकेने पाणी सोडलं होतं, त्यामुळे नवीन होमलोन अडू शकतं. शिवाय रिझर्व्ह बँकेने जून २०२३ मध्ये जी चौकट घालून दिली तिच्यात शेतीकर्ज सोडून बाकी तडजोडींनंतर किमान १२ महिने ती संस्था त्याच कर्जदाराला नवं कर्ज देत नाही. पैसे उभे करता येत असतील तर पूर्ण फेडून क्लोज्ड करून घेणं चांगलं, नसतील जमत तर सेटलमेंट हा लाजेचा विषय नाही, रिझर्व्ह बँकेच्या नियमांत बसणारा मार्ग आहे. पूर्ण भरूनही रिपोर्टमध्ये थकीतच दिसत असेल तर तक्रार करा, ती ३० दिवसांत निकाली काढायची असते आणि त्याहून उशीर झाला तर रोज १०० रुपये भरपाई द्यावी असा नियम एप्रिल २०२४ पासून आहे.

आता ज्या गोष्टी सुटका वाटतात पण नसतात त्या बघू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे.

पेपरात येतं, अमुक बँकेने इतके हजार कोटी राइट ऑफ केले. लोक म्हणतात बघा मोठ्यांचं माफ केलं. राइट ऑफ म्हणजे माफी नाही. बँकेने स्वतःच्या ताळेबंदातून ते येणं बाजूला काढलं, एवढंच. कर्जदारावरचं देणं तसंच राहतं, केस चालू राहते, जप्ती होऊ शकते. तुमच्या स्वतःच्या क्रेडिट कार्डासमोर रिपोर्टमध्ये रिटन ऑफ दिसत असेल तर आनंद मानू नका, ते सगळ्यात वाईट शेऱ्यांपैकी एक आहे आणि पैसे अजून देणं आहेतच. ते राइट ऑफ खरंच वसूल होतं का, हा प्रश्न रास्त आहे आणि विचारलाच पाहिजे, पण त्यासाठी दोन शब्दांची गल्लत नको.

दुसरं, तीन वर्षं झाली की कर्ज बुडतं. अर्धवट खरं. साध्या विनातारण कर्जासाठी दावा लावायची मुदत तीन वर्षं आहे, स्थावर गहाण असेल तर गहाणाच्या दाव्याला १२ वर्षं. मुदत गेली की कोर्टाचं दार बंद होतं, देणं मात्र मरत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९५८ ला बॉम्बे डाइंगच्या प्रकरणात स्पष्ट केलंय. आणि मुदत चालू असताना तुम्ही सहीनिशी कबुली दिली किंवा थोडी रक्कम भरून तशी नोंद झाली तर तिथून मुदत पुन्हा नव्याने मोजतात. बँका दर दोन-तीन वर्षांनी बाकी मान्य असल्याच्या कागदावर सही घेतात ती यासाठीच. मुदत संपल्यावरसुद्धा "मी हे जुनं देणं देईन" असं लिहून सही केलीत तर करार कायद्याच्या कलम २५ नुसार ते नव्याने बंधनकारक होतं. सही करायच्या आधी कागद वाचा, एवढंच.

तिसरी कर्जमाफी. कलम ६३ ची माफी आणि सरकारची कर्जमाफी वेगळ्या. सरकारी कर्जमाफीत तुमच्या वतीने सरकार बँकेला पैसे देतं. २००८ ची केंद्राची योजना, २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना दीड लाखापर्यंत, २०१९ ची महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना दोन लाखांपर्यंत, प्रत्येकीला तारखा आणि मर्यादा होत्या. २०१७ ला दीड लाखाच्या वर थकबाकी असेल तर वरची रक्कम आधी स्वतः भरा मग दीड लाखाचा लाभ असं होतं. २०१९ ला यादीत नाव आलं तरी आधार प्रमाणीकरण करावं लागायचं, त्यानंतर रक्कम खात्यात. त्यामुळे घोषणा झाली त्या दिवशी कोणी कर्जमुक्त होत नाही, यादीत नाव लागलं त्या दिवशीही होत नाही, खातं शून्य होऊन बेबाकी हातात आली की होतो. मधल्या काळात व्याज कोणाच्या बोकांडी हा प्रश्न प्रत्येक योजनेत शेतकऱ्याला छळतो.

बरं, देणं खरंच संपलं. आता तारण सोडवायचं. इथे परिस्थिती पूर्वीपेक्षा बरीच सुधारली आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२३ ला आदेश काढला, १ डिसेंबर २०२३ पासून लागू, की घर, गाडी अशा वैयक्तिक कर्जांची पूर्ण फेड किंवा सेटलमेंट झाल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत करायची आणि कुठल्याही नोंदणीत घातलेला बोजा, म्हणजे कर्जाच्या हक्काची नोंद, काढायचा. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५००० रुपये कर्जदाराला. कागदच हरवले असतील तर नकला मिळवायला मदत करायची, खर्च बँकेचा, त्यासाठी आणखी ३० दिवस. हा आदेश बँका, सहकारी बँका, होमलोन कंपन्या, फायनान्स कंपन्या सगळ्यांना आहे. पण पतसंस्था आणि गावची विकास सोसायटी रिझर्व्ह बँकेखाली येत नाहीत, त्यांची तक्रार सहकार खात्याकडे, तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे करायची.

आणि खरी मेख सातबाऱ्यावर. सोसायटीचं कर्ज घेताना सभासद इकरार, म्हणजे जमीन कर्जाला तारण असल्याचा लेखी कबुलीजबाब, करून देतो, त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात चढते, अमुक सोसायटी इकरार बोजा रुपये इतके, पुढे फेरफार नंबर. कर्ज फिटलं तरी ही ओळ आपोआप जात नाही. आमच्या नात्यातल्या एका सातबाऱ्यावर एका संस्थेचे तीन बोजे एकाखाली एक होते, सर्वांत जुना बैलजोडीच्या कर्जाचा, ज्यांनी घेतला ते आजोबा वारले, कर्ज त्यांनी हयातीतच फेडलं होतं, पावत्या कुठे गेल्या कोणाला माहीत नाही. जमिनीचा व्यवहार ठरला, घेणाऱ्याच्या वकिलाने सर्च काढला, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदी तपासल्या, आणि बयाणा तिथेच थांबला. संस्थेचं जुनं दप्तर धुंडाळून दाखला मिळेपर्यंत सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. अगदी किरकोळ रकमेसाठी, जी फिटलेली होती. म्हणून बेबाकी दाखला हातात पडला की त्याची झेरॉक्स स्वतःकडे ठेवून लगेच बोजा कमी करायचा अर्ज द्या, तलाठी कार्यालयात किंवा ऑनलाइन ई-हक्कवर. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, फेरफार घेतात, नोटिशीची मुदत जाते, मंडळ अधिकारी मंजूर करतात. त्यानंतर नवीन सातबारा काढून इतर हक्काचा रकाना स्वतः डोळ्याने बघायचा.

फ्लॅटचं साधारण तसंच, फक्त जागा वेगळ्या. कागद ठेव म्हणून दिले असतील तर ते परत मिळाल्याची यादी नीट तपासा, मूळ करारनामा, इंडेक्स टू, बिल्डरच्या पावत्या, आधीच्या मालकांचे करार. नोंदणीकृत गहाणखत असेल तर ते सोडवायचाही दस्त नोंदवावा लागतो, रिकन्व्हेयन्स म्हणतात त्याला. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ६० तुम्हाला हा हक्क देतं, पैसे फेडले की कागद, ताबा आणि नोंदवलेली मोकळीक मागता येते. हाउसिंग सोसायटीच्या रजिस्टरला बँकेचा लिएन, म्हणजे तारणाचा हक्क, असेल तर तिथेही पत्र द्या. गाडीसाठी आरटीओत फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी, आरसी बुकवरून बँकेचं नाव गेलं की इन्शुरन्स पॉलिसीवरूनही काढून घ्या, नाहीतर क्लेमच्या वेळी चेक कोणाच्या नावे यावरून अडतं.

जामीनदाराचं काय, हे फार जण विचारतात. कायदा जामीनदाराच्या बाजूने आहे. बँकेने मूळ कर्जदाराला मोकळं केलं तर जामीनदार सुटतो, करार कायद्याचं कलम १३४. जामीनदाराला न विचारता कर्जदाराशी तडजोड केली, मुदत वाढवून दिली तरी सुटतो, कलम १३५. पण बँकांच्या छापील जामीनपत्रात बहुतेक वेळा एक परिच्छेद असतो ज्यात जामीनदार हे हक्क आधीच सोडून देतो, आणि मित्रासाठी सही करताना तो कोणी वाचत नाही. दोन जामीनदार असतील आणि एकाला सोडलं तर दुसरा आपोआप सुटत नाही. त्यामुळे कर्जदाराने सेटलमेंट केलं तर जामीनदाराने स्वतःच्या नावाचं वेगळं पत्र मागून घ्यावं, कर्जदाराच्या पत्रावर विसंबू नये.

कोर्टाचा हुकूमनामा, म्हणजे पैसे द्या असा निकाल, झालेला असेल तर आणखी एक खाचखळगा आहे. हुकूमनाम्यानंतर तुम्ही कोर्टाबाहेर पैसे दिले, समोरच्याने घेतले, पावतीही दिली, तरी ते कोर्टात नोंदवलं पाहिजे. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २१ नियम २ सांगतो की न नोंदवलेली फेड वसुली करणारं कोर्ट विचारात घेत नाही. समोरचा नोंदवत नसेल तर देणाऱ्याने स्वतः अर्ज करायचा आणि त्याला मुदत फक्त ३० दिवस. भावकीतल्या देण्याघेण्यात हे हमखास राहतं कारण घरातलीच माणसं म्हणून कोर्टात कोण जाणार, आणि मग वसुलीची दरखास्त येते.

सगळे रस्ते बंद झाले तर नादारी, म्हणजे देणी फेडता येत नाहीत असं कोर्टाकडून जाहीर करून घेणं. मुंबईसाठी १९०९ चा आणि बाकी महाराष्ट्रासाठी १९२० चा कायदा. कोर्ट चौकशी करून डिस्चार्जचा आदेश देतं, पण सरकारी देणं, फसवणुकीतून आलेलं देणं त्यातून सुटत नाही. २०१६ चा दिवाळखोरी कायदा आला तेव्हा अगदी छोट्या कर्जदारांसाठी, ३५ हजारांपर्यंतच्या देण्यासाठी, नव्याने सुरुवात करायची सोय त्यात लिहिली गेली, पण डिसेंबर २०१९ ला वैयक्तिक कर्जांचा भाग लागू केला तो फक्त कंपन्यांच्या जामीनदारांपुरता. ज्याच्यासाठी ही सोय लिहिली त्या माणसाला वगळून, हे मला खटकतं.

शेवटी वारस. वडील गेले आणि वसुलीवाले मुलाच्या मागे लागले, अशा वेळी मुलाची जबाबदारी वडिलांची जेवढी मिळकत त्याच्याकडे आली तेवढ्यापुरतीच. त्याच्या पगारातून, त्याच्या स्वकष्टाच्या घरातून वसूल करता येत नाही. हिंदू कायद्यात पूर्वी बापाचं देणं मुलगा, नातू, पणतू यांनी धर्म म्हणून फेडायचं असा नियम कोर्टं मानत होती, तो २००५ च्या दुरुस्तीने पुढच्या कर्जांसाठी काढून टाकला. मुलगा स्वतः सहकर्जदार किंवा जामीनदार असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून वसुलीच्या नोटिशीवर "वारस म्हणून मी भरतो" अशी सही करण्याआधी मूळ कर्जाच्या कागदावर आपली सही आहे का ते बघा, आणि कर्जाला विमा काढलेला होता का ते बँकेला लेखी विचारा, कारण होमलोन आणि गाडीच्या कर्जाबरोबर पुष्कळदा तो गळ्यात मारलेला असतो, हप्त्यात धरलेला असतो आणि घरच्यांना त्याचा पत्ताच नसतो.